सुतक न लागणारा शोक

माणूस गेल्यानंतर शोक कोणी करायचा, किती दिवस करायचा आणि तो चारचौघांत कसा दिसला पाहिजे, याचे नियम बहुतेक समाजांनी नात्यागोत्यावर बेतलेले आहेत. हिंदू परंपरेतील सुतकाचे दिवस रक्ताच्या नात्याच्या अंतरानुसार कमीजास्त होतात, आणि रक्ताबाहेरच्या एखाद्या नात्याची दखल घेतलीच तर ती गुरूसारख्या मोजक्याच माणसांपुरती घेतली जाते. मनुस्मृतीने आचार्याच्या निधनानंतर शिष्याला तीन रात्रींचे अशौच सांगितले आहे. गायक आणि त्याचा श्रोता ही जोडी मात्र अशा कोणत्याही यादीत सापडत नाही. ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याला आपले नावही ठाऊक नव्हते, अशा कलावंताच्या मृत्यूने एखादा चाहता आठवडाभर अन्नपाण्यावरची वासना गमावून बसला, तर घरचे लोक त्याची समजूत काढण्याऐवजी त्याला हसतात, आणि कार्यालयात त्या कारणासाठी रजा मागण्याचे धाडस तर सहसा कोणी करीत नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखांवर एक ग्रंथ संपादित केला. ज्या शोकाला समाज जाहीरपणे मान्यता देत नाही, ज्याच्यासाठी ना विधी असतो ना सांत्वनाला येणारी माणसे, त्याला मराठीत ‘अमान्य शोक’ म्हणता येईल. घटस्फोटित जोडीदाराचा, गुप्त प्रियकराचा, पाळीव प्राणी गमावलेल्या माणसाचा शोक या वर्गात मोडतो, आणि चाहत्याचा शोकही.

चाहत्याचे नाते नेमके कोणत्या प्रकारचे असते, याचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५६ साली, म्हणजे अमेरिकी घरांत दूरचित्रवाणी नुकतीच रुळली असताना, असे दाखवून दिले की पडद्यावरचा निवेदक प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून बोलतो, रोज ठरल्या वेळी येतो, स्वतःच्या सवयी आणि लकबी उघड करतो आणि त्यामुळे प्रेक्षकाला तो परिचयातला माणूस वाटू लागतो. प्रत्यक्षात मात्र हा परिचय एकाच बाजूने वाढत असतो. या एकतर्फी जवळिकीची कल्पना पुढे चित्रपटतारे, खेळाडू आणि गायक यांनाही लावली गेली, आणि प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूनंतर उसळणाऱ्या शोकाचे स्पष्टीकरण म्हणून ती आजही वापरली जाते. स्पष्टीकरण म्हणून ती सोयीची आहे. पण सोयीची आहे म्हणूनच ती सर्वत्र सरसकट लावण्याचा मोह टाळला पाहिजे. पंक संगीताच्या बाबतीत तर ती अपुरी पडते, आणि ‘द क्लॅश’ या लंडनच्या वाद्यवृंदाचा गायक जो स्ट्रमर याच्या मृत्यूनंतर जे घडले, त्यावरून ती कोठे अपुरी पडते हे चांगले दिसते.

पंक हा रॉक संगीताचा एक प्रवाह असून तो १९७०च्या दशकाच्या मध्यास आधी न्यूयॉर्कमध्ये आणि लगोलग लंडनमध्ये उभा राहिला. त्या काळी रॉकचे मोठे तारे प्रचंड क्रीडागारांत गात, त्यांची गाणी लांबत चालली होती, आणि ती वाजवण्यासाठी लागणारे कौशल्य व साधनसामग्री सामान्य तरुणाच्या आवाक्याबाहेर गेली होती. पंकने हे सारे उलटे केले: दोन-अडीच मिनिटांची गाणी, गिटारवरचे तीन-चार स्वरमेळ, कर्कश वेग, आणि ज्याला वाजवता येत नाही त्यानेही उद्या मंचावर चढावे असा उघड आग्रह. मंच आणि प्रेक्षक यांच्यातले अंतर हाच या चळवळीचा शत्रू होता. आराध्यदैवते मोडून काढण्याची भाषा करणाऱ्या या संगीताने स्वतःची आराध्यदैवते मात्र फार लवकर घडवली, आणि त्यांतले एक गेल्यावर त्याच्यासाठी रडावे की नाही, आणि रडायचे तर कसे, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांपुढे खराखुरा उभा राहिला.

जो स्ट्रमरचे मूळ नाव जॉन ग्रॅहम मेलर. २१ ऑगस्ट १९५२ रोजी तो तुर्कस्तानातील अंकारा येथे जन्मला, कारण त्याचे वडील ब्रिटिश परराष्ट्र सेवेत होते. वडिलांचा स्वतःचा जन्म लखनौचा, तर आई स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेकडची. कैरो, मेक्सिको सिटी आणि बॉन येथे बालपणाची वर्षे गेल्यावर नवव्या वर्षी त्याला इंग्लंडमधील निवासी शाळेत ठेवण्यात आले. १९७० साली त्याच्या थोरल्या भावाने आत्महत्या केली, आणि त्या मृत्यूची सावली पुढे त्याच्या स्वभावावर राहिली असे त्याच्या चरित्रकारांनी मानले आहे. चित्रकलेचे शिक्षण अर्धवट सोडून त्याने भुयारी रेल्वेच्या मार्गिकांत गाऊन पैसे मिळवले, वेल्समधील न्यूपोर्ट येथे दफनभूमीत काम केले, आणि शेवटी पश्चिम लंडनमधील वॉल्टर्टन रोडवरच्या १०१ क्रमांकाच्या ओस घरात मुक्काम ठोकला. मालकाने टाकून दिलेल्या अशा घरांत परवानगीशिवाय राहणाऱ्या तरुणांची तेव्हा लंडनमध्ये मोठी वस्ती होती, आणि क्लॅशआधीच्या स्ट्रमरच्या वाद्यवृंदाचे नावही त्या घरक्रमांकावरूनच पडले. १९७६ साली मिक जोन्स आणि पॉल सिमोनन यांच्याबरोबर तो ‘द क्लॅश’मध्ये आला, आणि जुलै १९७६मध्ये शेफील्ड येथे त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला.

पुढच्या सहा-सात वर्षांचा इतिहास बहुतेक रॉक-इतिहासांत विस्ताराने आलेला आहे. येथे त्यातला चाहत्यांशी संबंधित भागच महत्त्वाचा. कार्यक्रम संपल्यावर क्लॅशच्या कपडे बदलण्याच्या खोलीचे दार श्रोत्यांसाठी उघडे असे, तिकिटाला पैसे नसलेल्या पोरांना कधी मागच्या दाराने तर कधी खिडकीतून आत घेतले जाई, आणि शेवटची गाडी चुकलेले चाहते वादकांच्या हॉटेलातील खोलीत जमिनीवर झोपत. ‘रूड बॉय’ हा १९८०चा चित्रपट अशाच एका चाहत्यावर आधारलेला आहे, जो वाद्यवृंदाबरोबर फिरता फिरता त्यांचे सामान उचलू लागतो. क्लॅशने पुढे या चित्रपटाशी फारकत घेतली, पण चाहता आणि कलावंत यांच्यातली रेषा किती पुसट झाली होती याचा तो चांगला दस्तऐवज आहे. पैशाच्या बाबतीतही हेच धोरण होते. डिसेंबर १९७९मध्ये निघालेला ‘लंडन कॉलिंग’ हा दोन तबकड्यांचा संच एका तबकडीच्या किमतीत विकला गेला, तर वर्षभराने आलेल्या ‘सँडिनिस्टा!’ या तीन तबकड्यांच्या आणि ३६ गाण्यांच्या संचाची किंमत कमी राहावी म्हणून वाद्यवृंदाने ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन सोडून दिले. आपल्या खिशाला परवडावे म्हणून या माणसांनी स्वतःचे नुकसान सोसले, ही गोष्ट चाहत्यांना पक्की ठाऊक होती. हॉर्टन आणि वोल यांनी वर्णिलेल्या निवेदकाने प्रेक्षकासाठी असे काही केलेले नसते. तो फक्त आपुलकीने बोलतो.

यावरून स्ट्रमर म्हणजे निर्दोष संतपुरुष होता असा समज कोणी करून घेऊ नये, आणि त्याच्या समंजस चाहत्यांनी तसा तो कधी करूनही घेतला नाही. राजनैतिक अधिकाऱ्याचा निवासी शाळेत शिकलेला मुलगा कामगारवर्गाची बोली घोटून बोलतो, हा आक्षेप त्याच्यावर हयातभर घेतला गेला आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. बहुराष्ट्रीय कंपनीशी करार केल्याबद्दल पंकमधील कडव्या मंडळींनी क्लॅशला १९७७ सालीच धारेवर धरले. हेरॉइनच्या आहारी गेलेला ढोलवादक टॉपर हेडन याला १९८२मध्ये आणि मिक जोन्सला १९८३मध्ये बाहेर काढण्यात आले. या निर्णयांत स्ट्रमरचा हात होता, आणि दुसऱ्या निर्णयाचा पश्चात्ताप त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवला. १९८५च्या मे महिन्यात उरलेल्या क्लॅशने नॉटिंगहॅमपासून सुरुवात करून इंग्लंड-स्कॉटलंडच्या शहरांत रस्त्यावर आणि पुलांखाली साध्या गिटारींवर गात एक फेरी काढली, तिची आठवण चाहते फार प्रेमाने सांगतात. पण त्याच वर्षाअखेरीस आलेला त्यांचा शेवटचा संच जवळजवळ सर्वांनाच फसलेला वाटला आणि १९८६ साली वाद्यवृंद संपला. त्यानंतरची दहा-बारा वर्षे स्ट्रमरने चित्रपटांना संगीत देण्यात, थोडा अभिनय करण्यात आणि बराच काळ काहीच न करण्यात घालवली.

ही रिकामी वर्षे या प्रकरणाच्या दृष्टीने दुर्लक्षून चालणार नाहीत, कारण चाहत्याच्या शोकाचे एक रूढ स्पष्टीकरण असे असते की तो खरे तर स्वतःच्या तारुण्यासाठी रडत असतो. गायक केव्हाच मागे पडलेला असतो, आणि त्याच्या मृत्यूच्या बातमीने जुन्या दिवसांची आठवण उसळते इतकेच. स्ट्रमर १९९० साली गेला असता तर हे स्पष्टीकरण बरेचसे लागू पडले असते. पण १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो ‘द मेस्कलेरोज’ हा नवा वाद्यवृंद घेऊन परतला, बीबीसीच्या जागतिक सेवेवर आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतली गाणी ऐकवणारा कार्यक्रम करू लागला, आणि ग्लॅस्टनबरीच्या संगीतमहोत्सवात रात्ररात्र शेकोटी पेटती ठेवून तिच्याभोवती जमलेल्या अनोळखी लोकांशी गप्पा मारू लागला. २००१च्या ‘ग्लोबल ए गो-गो’ या संचात तर चक्क भेंडीच्या भाजीवरून नाव दिलेले एक गाणे आहे. लंडनच्या रस्त्यावर इंग्रजी पद्धतीचे उकडलेले वाटाणे शोधणाऱ्या एका परदेशी माणसाला गायक सांगतो की ते काही येथे मिळायचे नाहीत, पण त्यांच्याऐवजी जगभरचे जे पदार्थ मिळतात त्यांची यादी ऐक. लखनौत जन्मलेल्या इंग्रज बापाच्या मुलाने स्थलांतरितांच्या लंडनवर लिहिलेले हे गाणे भारतीय वाचकाने मुद्दाम शोधून ऐकावे. थोडक्यात, २००२ सालचा स्ट्रमर हा केवळ आठवणींचा विषय उरला नव्हता; त्याचे चाहते पुढच्या संचाची वाट पाहत होते.

त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरला पश्चिम लंडनमधील ॲक्टन टाउन हॉलमध्ये संपावर असलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी मेस्कलेरोजचा कार्यक्रम झाला. वेतनवाढीसाठी देशभर चाललेला तो लढा होता, आणि श्रोत्यांत अग्निशामक दलाचे कर्मचारी मोठ्या संख्येने होते. कार्यक्रमाच्या शेवटी, कोणतीही पूर्वसूचना नसताना, प्रेक्षकांत बसलेला मिक जोन्स गिटार घेऊन मंचावर आला आणि १९८३नंतर प्रथमच दोघांनी एकत्र क्लॅशची गाणी वाजवली. क्लॅशचा ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या अमेरिकी सन्मानसंस्थेत पुढच्या मार्चमध्ये समावेश होणार हे तोवर ठरले होते. त्या निमित्ताने जुना वाद्यवृंद पुन्हा वाजवेल अशी चर्चा सुरू झाली, स्ट्रमरलाही ते हवे होते, मात्र सिमोननचा त्याला विरोध होता. मेस्कलेरोजचा शेवटचा कार्यक्रम २२ नोव्हेंबरला लिव्हरपूलमध्ये झाला, आणि बरोबर एक महिन्याने, रविवार २२ डिसेंबर २००२ रोजी, स्ट्रमर सॉमरसेट परगण्यातील ब्रूमफील्ड येथील आपल्या घरी अचानक मृत्यू पावला. त्याच्या हृदयात जन्मापासून एक दोष होता, ज्याचे निदान हयातीत कधीच झाले नव्हते. तो ५० वर्षांचा होता.

नाताळच्या तोंडावर आलेल्या या बातमीने चाहत्यांचे नेमके काय हिरावले, हे आता नीट सांगता येते. माणूस गेला की त्याच्याबरोबर घालवलेला भूतकाळ जात नाही. जातो तो भविष्यकाळ, म्हणजे ज्या गोष्टी अजून व्हायच्या होत्या असे गृहीत धरलेले होते त्या सगळ्या. जवळजवळ वीस वर्षांपूर्वी मोडलेली जोडी पाच आठवड्यांपूर्वी एका नगरसभागृहात जुळताना दिसली होती, आणि चाहत्यांच्या दृष्टीने सारे त्या रात्रीपासून पुन्हा सुरू होणार होते. सर्वसामान्य प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या शोकात ही गोष्ट क्वचित आढळते. शिवाय ज्यांनी कधी त्याच्या खोलीत रात्र काढली होती, शेकोटीपाशी त्याच्याशी वाद घातला होता किंवा रस्त्यावरच्या गाण्यात टाळ्यांचा ठेका धरला होता, अशी माणसेही थोडीथोडकी नव्हती. त्यांच्यापुरता तरी हा परिचय अगदीच एकतर्फी नव्हता. आणि ज्यांना तो कधीच भेटला नाही त्यांनाही आपण भेटलो असतो तर तो बोलला असता, हे निश्चित ठाऊक होते. पंकच्या चाहत्याचा शोक वेगळा ठरतो तो या खात्रीमुळे.

३० डिसेंबरला पश्चिम लंडनच्या केन्सल ग्रीन येथे दहनविधी झाला, तेव्हा अग्निशामक दलाच्या गणवेशधारी कर्मचाऱ्यांनी त्याला मानवंदना दिली. कोणत्याही सरकारी सन्मानापेक्षा हा मान स्ट्रमरला शोभणारा होता, यात शंका नाही. दोनच महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २००३ रोजी, न्यूयॉर्कमधील ग्रॅमी पुरस्कारांच्या सोहळ्यात ब्रूस स्प्रिंगस्टीन, एल्व्हिस कॉस्टेलो, डेव्ह ग्रोल आणि स्टीव्हन व्हॅन झँट यांनी ‘लंडन कॉलिंग’ हे गाणे वाजवून त्याला आदरांजली वाहिली. ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या सर्वांत झगमगत्या मंचावर पंक गायकाचे श्राद्ध घातले जावे, यातला विरोधाभास त्या रात्री अनेकांना टोचला असणार. मार्चमध्ये हॉल ऑफ फेमचा समारंभ झाला तेव्हा उरलेले क्लॅश उपस्थित होते, पण त्यांनी वाजवले नाही, आणि ते योग्यच झाले.

शोक म्हणजे गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेण्याचे काम, अशी मांडणी सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली केली, आणि विसाव्या शतकात बराच काळ मानसशास्त्राने तीच प्रमाण मानली. जो माणूस सोडवून घेऊ शकत नाही त्याचा शोक विकृत समजला जाई. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथाने याला उलट बाजूने छेद दिला. त्यांच्या मते निरोगी माणसेही मृतांशी असलेले नाते तोडत नाहीत, ते नव्या स्वरूपात चालू ठेवतात. ही ‘अखंड बंधां’ची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला काही नवी वाटणार नाही, कारण जेथे दरवर्षी पितृपक्षात वाढलेले पान ठेवले जाते तेथे मृतांशी व्यवहार चालू असतोच. चाहत्यांच्या बाबतीत प्रश्न असा की त्यांच्यापाशी ना तिथी, ना पिंड, ना घरातली तसबीर. मग बंध चालू ठेवायचा कशाच्या आधाराने? स्ट्रमरच्या चाहत्यांनी त्यासाठी सार्वजनिक जागा वापरल्या. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये सातवा रस्ता आणि ॲव्हेन्यू ए यांच्या कोपऱ्यावरील ‘नायगारा’ या मद्यगृहाच्या भिंतीवर २००३ साली त्याचे मोठे चित्र रंगवण्यात आले. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या एका गाण्याच्या चित्रफितीत ते रंगवले जात असतानाची दृश्ये आहेत. लंडनमध्ये एजवेअर रोडजवळच्या एका भुयारी पादचारी मार्गाला त्याचे नाव मिळाले, जे एकेकाळच्या भुयारी गायकाला साजेसे म्हटले पाहिजे. २००५ साली ब्रिस्टल येथे एका डिझेल रेल्वे इंजिनाला ‘जो स्ट्रमर’ हे नाव देण्यात आले.

या सर्वांत ग्रानादाची कथा अधिक बोलकी आहे. स्ट्रमरला स्पेनच्या यादवी युद्धाचे आणि त्यात मारला गेलेला कवी फेदेरिको गार्सिया लोर्का याचे जबर आकर्षण होते; १९८०च्या दशकात, क्लॅश मोडकळीला आलेला असताना, तो वारंवार ग्रानादाला जाऊन राहिला, तेथील ‘०९१’ या वाद्यवृंदाच्या संचाचे निर्मितिकार्य त्याने केले, आणि ज्याच्या दफनाची जागा कोणालाच ठाऊक नाही त्या लोर्काचे अवशेष आपणच शोधून काढू असा वेडा बेतही त्याने बोलून दाखवला. म्हणजे हा गायक स्वतःच एका मृत कवीचा चाहता होता आणि आपल्या जन्मापूर्वी सोळा वर्षे गेलेल्या माणसाचा शोक करीत फिरत होता. स्थानिक चाहत्यांनी मागणी लावून धरल्यावर ग्रानादाच्या नगरपालिकेने २०१३मध्ये रेआलेहो भागातील एका लहान चौकाला त्याचे नाव दिले. चाहत्यांचे प्रेम सगळीकडे इतके शिस्तीत चालत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’ या आद्य पंक वाद्यवृंदाचा गायक जोई रमोन १५ एप्रिल २००१ रोजी कर्करोगाने वारला, आणि २००३मध्ये बावरी आणि दुसरा रस्ता यांच्या कोपऱ्याला त्याचे नाव देणारी पाटी लागली. ती पाटी चाहते इतक्या वेळा चोरून नेऊ लागले की अखेर ती हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बसवावी लागली. नगर प्रशासनाला हा उपद्रव वाटला असेल. पण स्मारक घरी घेऊन जाण्याची ही वृत्ती पंकच्या परंपरेत अगदी चपखल बसते.

पाट्या, चौक आणि इंजिने यांपेक्षा टिकाऊ ठरली ती मात्र वेगळीच गोष्ट. स्ट्रमरची पत्नी लुसिंडा आणि मित्रमंडळी यांनी २००३ साली ‘स्ट्रमरव्हिल’ नावाचा न्यास स्थापन केला, जो आता ‘जो स्ट्रमर फाउंडेशन’ म्हणून ओळखला जातो आणि होतकरू संगीतकारांना तालमीची जागा, ध्वनिमुद्रण आणि इतर साहाय्य मिळवून देतो. ज्याला वाजवता येत नाही त्यानेही मंचावर चढावे, हा १९७६चा आग्रह येथे संस्थेच्या रूपाने चालू राहिला. अमान्य शोकाची मोठी अडचण ही की करण्यासारखे काही हाताशी नसते. तेराव्याची धावपळ, कागदपत्रे, पाहुणे यांत जवळच्यांचे पहिले दिवस कसेबसे निघून जातात, चाहता मात्र रिकाम्या हाताने बसून राहतो. चाहत्यांना करण्यासारखे काहीतरी देणारा उपक्रम म्हणून हा न्यास कोणत्याही भित्तिचित्रापेक्षा मोलाचा आहे.

गाणीही तेवढ्यावर थांबली नाहीत. अपुरा राहिलेला ‘स्ट्रीटकोर’ हा संच मेस्कलेरोजमधील सहकारी मार्टिन स्लॅटरी आणि स्कॉट शील्ड्स यांनी पूर्ण करून ऑक्टोबर २००३मध्ये प्रसिद्ध केला, आणि ॲक्टनच्या त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण २०१२ साली, मृत्यूला दहा वर्षे झाली तेव्हा, बाहेर आले. स्ट्रमर आपले लिखाण, टाचणे आणि ध्वनिफिती आयुष्यभर जपून ठेवीत असे. त्याच्या मागे राहिलेल्या संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू निघाल्या, आणि त्यांतून निवडलेली, तोवर कोणी न ऐकलेली काही गाणी ‘जो स्ट्रमर ००१’ या संचातून त्याच्या चाहत्यांना २०१८ साली प्रथमच ऐकायला मिळाली.